साडूंचे लुकलुकते दिवे

आमच्या साडूंना जगातली कुठलीही वस्तू जशी आहे तशी चालत नाही, आणि मला आमचे साडू जसे आहेत तसे चालत नाहीत. दरवाजा म्हटला की तो उघडावा आणि बंद व्हावा एवढीच माझी त्याच्याकडून अपेक्षा असते. साडूंच्या मते मात्र दरवाजा उघडला की कुठेतरी एक लाल दिवा लागला पाहिजे, आणि तो उघडाच राहिला तर दिव्याने डोळे मिचकावून घरच्यांना तसं कळवलं पाहिजे. टीव्ही नुकता रंगीत झाला होता त्या काळची ही गोष्ट. आमच्या मुलुंडच्या घरात विजेवर चालणारी वस्तू म्हणजे दिवे, पंखा, इस्त्री आणि रेडिओ. साडूंच्या घाटकोपरच्या घरात तुळशीची कुंडीसुद्धा विजेवर चालायची. माती सुकली की कुंडीत खोचलेल्या दोन तारांना ते समजायचं आणि खिडकीतला एक इवलासा दिवा 'पाणी घाला' म्हणून लुकलुकायचा. आमची ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूंची पत्नी, लगबगीने उठून पाणी घालायची. आमची ही तो सोहळा बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. त्या दुसऱ्या बघण्याचा मला फार त्रास व्हायचा.

साडू होते एका औषधांच्या कंपनीत, अकाउंट्स खात्यात. विजेशी त्यांचा नोकरीपुरता संबंध म्हणजे डोक्यावरचा पंखा. बाकी सगळा स्वतःचा षोक. शनिवारी अर्धा दिवस भरला की लॅमिंग्टन रोड गाठायचा, तिथल्या फुटपाथवर उकिडवं बसून जुन्या रेडिओंची आतडी उपसायची, आणि खिसे भरून रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, आयसी नावाचे ते झुरळासारखे दिसणारे तुकडे आणि लाल हिरव्या एलईडी घेऊन घरी यायचं. हे खिसे घरी रिकामे होतीलच असं नाही. आमच्या एका चुलत मेहुणीच्या लग्नात 'सावधान' झाल्यावर साडूंनी खिशात हात घातला आणि नवरा-नवरीवर अक्षतांबरोबर मूठभर रेझिस्टर उधळले. मग लक्षात आल्यावर हॉलच्या जमिनीवर गुडघे टेकून एकेक वेचायला लागले. मुलाकडच्या एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं, हे आपल्या पाया पडताहेत. त्यांनी तोंड भरून आशीर्वाद दिला. आता हेच मी केलं असतं तर घरी आठवडाभर माझा उद्धार झाला असता. साडूंचं मात्र सगळ्या मांडवात कौतुक. 'विद्वान माणसं अशीच असतात गं,' असं आमची ही कोणाला तरी सांगत होती, ते मी या कानांनी ऐकलं.

माझ्या दुःखाला आणखी एक बाजू होती. वयाने मी साडूंपेक्षा मोठा. पण त्यांनी थोरली बहीण केली आणि मी धाकटी, त्यामुळे नात्याने ते मोठे. ते मला बिनदिक्कत 'अरे' म्हणायचे आणि मी त्यांना 'अहो'. त्यातून त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, 'त्यात काय आहे रे, सोपं आहे.' या वाक्याने त्यांनी मला जितकं छळलं तितकं कोणी छळलेलं नाही. त्यांनी टाळी वाजवली की दिवा लागेल आणि पुन्हा वाजवली की विझेल, असं एक यंत्र केलं होतं. गणपतीत आरती सुरू झाली आणि टाळ्यांच्या तालावर घरातला मोठा दिवा उघडझाप करायला लागला. ताईने 'अहो, बंद करा ते' असं आरतीच्या चालीवर सांगून पाहिलं, पण साडू डोळे मिटून टाळ्या वाजवण्यात दंग. शेजारपाजारची माणसं दारात गोळा झाली आणि पुढल्या वर्षी लोक गणपतीऐवजी तो दिवा बघायला आले. 'कसं केलंत हो?' मी विचारलं. 'त्यात काय आहे रे, सोपं आहे.' त्या यंत्राला कुकरची शिट्टी आणि डास मारण्याचा आवाजही टाळीच वाटायचा, त्यामुळे त्यांच्या घरी कोणी पुस्तक वाचत बसलं तर अधूनमधून अंधार व्हायचा. पण हे दोष फक्त मला दिसत.

एकदा मीही ईर्षेला पेटलो. एक सोल्डरिंग आयर्न आणलं, एक एलईडी, एक बॅटरी, आणि मासिकातल्या आकृतीवर बोट ठेवून जेवणाच्या टेबलावर बसलो. टेबलक्लॉथला भोक पडलं, माझ्या अंगठ्याला फोड आला, पण दिवा लागला नाही. बायको मागे उभी होती. 'उलटा लावलात का तो?' ती म्हणाली. 'दिव्याला कसली आलीय उलटीसुलटी बाजू?' मी म्हणालो. 'असते. भावजी म्हणत होते.' मी दिवा उलटा केला. लागला. त्या दिवशी मी सोल्डरिंग आयर्न माळ्यावर टाकलं आणि साडूंचा हेवा करणं हाच आपला षोक मानून घेतला.

एवढ्या सगळ्या पराभवांत माझं म्हणून एकच राज्य शिल्लक होतं. आमचे सासरे. त्यांना सगळे नाना म्हणायचे. नाना मूळचे मालवणकडचे, उमर गिरणीत मागांवर गेली. संपानंतर गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि नाना बोरिवलीच्या आपल्या दोन खोल्यांत खाटेवर बसून राहिले. मागांच्या खडखडाटात कान केव्हाच गेले होते. सासूबाई होत्या तोवर घर बोलतं होतं. त्या गेल्यावर नाना एकटे. मी रविवारी गेलो की 'ये रे, बस, गजाली करूया' म्हणायचे. गजाली म्हणजे गप्पा. गावचा आंबा, खाडीतले मासे, भुताने कोणाला कुठे अडवलं, असा आमचा संसार चालायचा. बहिऱ्या माणसाशी गप्पा कशा, असं कोणाला वाटेल. पण सासूबाईंनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, 'त्यांच्यासमोर बसून बोला. त्यांना ओठांवरून कळतं.' माग चालू असताना कोणालाच काही ऐकू येत नसे, तेव्हा गिरणीत सगळे ओठांनी आणि हातांनीच बोलायचे. त्यांनी आणखीही एक सांगितलं होतं, 'गिरणीचा विषय मात्र काढू नका. त्यांना त्रास होतो.' मी कधी काढला नाही.

मग ते पाण्याचं प्रकरण झालं. नानांकडे पाणी ठरावीक वेळी यायचं. नाना नळ सोडून पिंप लावून ठेवायचे आणि खाटेवर आडवे व्हायचे. डोळा लागला की पिंप भरून वाहायचं, आवाज कानावर जायचा नाही, आणि पाणी खालच्या बाईंच्या स्वयंपाकघरात उतरायचं. एकदा त्यांचं आख्खं पीठ भिजलं. दारावर थापा मारून मारून त्यांचे हात दुखले, नाना आत शांत झोपलेले. बाई वाईट नव्हत्या, पण सोसायटीच्या लोकांनी आम्हा दोघा जावयांना बोलावून घेतलं. 'म्हाताऱ्याला एकटं ठेवू नका. काहीतरी बंदोबस्त करा,' असं स्पष्टच सांगितलं.

मला मनातून आनंद झाला. नानांनी मुलुंडला यावं हे मी कधीचं म्हणत होतो. मी खिडकीजवळची जागा मोकळी केली, एक खाट आणून टाकली, कपाटाचा एक खण रिकामा केला. नानाही निम्मेअर्धे तयार झाले होते. 'थय समुद्राचो वारो येता काय रे?' असं त्यांनी मला विचारलं होतं आणि मुलुंडला जितका समुद्राचा वारा येतो त्यापेक्षा जरा जास्तच मी सांगितला होता. एवढ्यात साडू सोसायटीच्या लोकांना म्हणाले, 'पाण्यात दोन तारा आणि भिंतीवर दिवा. दाराच्या बेललाही दिवा. त्यात काय आहे, सोपं आहे.' पुढच्याच रविवारी त्यांनी तारा ओढल्या. पिंप काठोकाठ येण्याआधीच नानांच्या डोळ्यांसमोर दिव्यांची ओळ अशी काही लुकलुकायची की मेलेला माणूस उठून नळ बंद करेल. बेल दाबली की दुसरी ओळ. खालच्या बाईंनी वर येऊन साडूंना लाडू दिले. नाना बोरिवलीतच राहिले. आमच्याकडची खाट इस्त्रीचे कपडे ठेवायच्या कामी आली.

मला किती वाईट वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. नाना आपल्या घरात आहेत, खूश आहेत, मग तुला काय झालं, असं कोणीही विचारलं असतं. माझ्याकडे नानांसाठी खाट होती, आणि साडूंनी त्यांना त्यांचं स्वतःचं घर दिलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी साडू आमच्या दारात उभे. हातात ग्राफपेपरची गुंडाळी. 'अरे, तुझं अक्षर चांगलं आहे ना?' आमच्या कचेरीतला फळा मी लिहितो, एवढी एक गोष्ट त्यांना माझ्याबद्दल माहीत होती. त्यांनी आता एक विचार करणारी चिप मिळवली होती. मायक्रोप्रोसेसर म्हणतात तिला. तिच्या जोरावर ते नानांसाठी एक पाटी करत होते, एलईडीचे ठिपके पेटून अक्षरं उमटणारी. लाल ओळ लुकलुकली तर पिंप भरलं की दार वाजलं, हे नानांना आठवावं लागायचं. आता पाटीच 'पिंप भरले' म्हणणार होती. अडचण एवढीच की साडूंच्या ठिपक्यांत मराठी बसेना. शिरोरेघेत निम्मे दिवे संपायचे, वेलांटी पाटीच्या वर जायची आणि उकार खाली लोंबायचा. 'दार उघडा' हे त्यांनी मला पेटवून दाखवलं. माझ्या बायकोने ते 'वार उघडा' असं वाचलं.

मी पेन्सिल घेऊन बसलो. खरं सांगायचं तर साडू माझ्याकडे काही मागायला आलेत या आनंदात मी चहासुद्धा विसरलो. चौकोन भरत भरत 'पिंप भरले', 'दार उघडा', 'गॅस बंद करा' अशी अक्षरं काढली. वेलांटी बुटकी केली, शिरोरेघ मध्येच तोडली, 'द'ची शेपटी नीट वळवली. साडू शेजारी बसून पाहत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, 'अजून एक घाल ना.'

'काय?'

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, 'नाना, बसू का?'

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. 'हे कशाला पाहिजे?'

'अरे, तुझं बरं आहे,' साडू ग्राफपेपरकडे बघत म्हणाले. 'तू गेलास की ते तुला खाटेवर बसवतात, तुझ्याशी बोलतात, हसतात. मी गेलो की मला स्टूल आणून देतात आणि आत जातात. त्यांना वाटतं, हा काहीतरी दुरुस्त करायला आलाय. इतकी वर्षं झाली, आमचं एक वाक्य धड झालेलं नाही. मी त्यांना विचारलं, वायर इथून नेऊ का, तर म्हणाले, मी जेवलंय.'

मला आमच्या साडूंचा हेवा करण्याची इतकी सवय झाली होती की त्यांनाही कोणाचा हेवा वाटत असेल, आणि तो माझा, हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. आल्यावर मात्र फार छान वाटलं. थंडीत अंगावर ऊन यावं तसं. मी ते ऊन जरा खाल्लं. मग विचारलं, 'नानांशी बोलताना तुम्ही कुठे बघता?'

'कुठे म्हणजे? कामाकडे. हातात सोल्डरिंग आयर्न असतं.'

आता कुठे मला उलगडा झाला. साडू सदा खाली मान घालून बोलायचे. सर्किटशी, पिंपाशी, भिंतीशी. नानांना त्यांचे ओठ कधी दिसलेच नव्हते. ओठांवरून कळतं ही गोष्ट सासूबाईंनी त्यांनाही सांगितली असणारच, पण त्या वेळी साडू पंख्याचा रेग्युलेटर बघत असतील. ही एवढी एक युक्ती माझ्याकडे होती आणि त्यांच्याकडे नव्हती. बाकी सगळं त्यांच्याकडे होतं. मी पेन्सिलीला टोक केलं. आधीच चांगलं होतं, तरी केलं. मग म्हणालो, 'अहो, पाटी वगैरे ठीक आहे. पण तुम्ही नुसतं त्यांच्यासमोर बसा आणि मान वर करून बोला. त्यांना ओठांवरून सगळं कळतं.'

साडू माझ्याकडे बघतच राहिले. 'एवढंच?'

'एवढंच. सोपं आहे,' मी म्हणालो. हे वाक्य त्यांना ऐकवायला मिळालं याचा मला अजूनही आनंद आहे.

रविवारी आम्ही सगळे बोरिवलीला जमलो. साडूंनी पाटी भिंतीवर बसवली. 'पिंप भरले' झालं, 'दार उघडा' झालं, नानांनी मोठ्याने वाचून मान डोलावली आणि सवयीने स्टूल आणायला उठले. साडूंनी घाईघाईने बटण दाबलं. लाल ठिपक्यांत माझ्या अक्षरात उमटलं, नाना, बसू का?

नानांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग साडूंकडे पाहिलं. 'बस मरे. इचारतंस कित्याक? स्टुलार नको, हय बस,' म्हणाले आणि खाटेवर सरकून जागा केली.

साडू बसले. मी सांगितल्याप्रमाणे मान वर केली. आणि त्यांना काही सुचेना. तोंड नुसतं उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाने इतकी यंत्रं बोलती केली त्याला सासऱ्याशी काय बोलावं हे माहीत नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि दया येण्याइतका मी वर आहे याचं सुखही वाटलं. मी चहा करायला आत गेलो.

आतून मला ऐकू येत होतं. साडू एकेक शब्द सुटा करून बोलत होते, 'नाना. हे. कसं. चालतं. सांगू?'

'सावकाश कित्याक बोलतंस? माका समाजता,' नाना म्हणाले.

मग साडू सुटले. पाण्यात दोन तारा सोडल्यात, पाणी चढलं की ते दोन तारांना जोडतं, वीज पुढे जाते, चिपला कळतं. मी कपाळावर हात मारून घेतला. शेतीवाडी, मासे, भुतंखेतं, काहीही चाललं असतं. पण या माणसाला तारांशिवाय दुसरं माहीत काय असणार? नाना आता आत येतील म्हणून मी त्यांच्यासाठी पाट सरकवला.

नाना आले नाहीत. मग त्यांचा चढा आवाज आला, 'म्हणजे आमच्या मागासारख्याच की रे.'

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. सासूबाईंनी मनाई केलेला विषय. मी दाराशी आलो. साडूंना ती मनाई ठाऊक नव्हती, आणि असती तरी ते विसरले असते. त्यांनी सरळ विचारलं, 'मागाला कसं कळायचं?'

'धागो तुटलो की तेच्यावरची पत्री खाली पडता. पत्री पडली की माग आपोआप रवता, थांबता. एक धागो रे, केसासारखो. पण मागाक समाजता.' नाना बोलत होते आणि त्यांचे हात चालायला लागले होते. डावा हात धागा झाला, उजवा पत्री झाला. आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे धावला. हवेत कापड विणलं जायला लागलं. साडू प्रश्नावर प्रश्न विचारत होते, पत्री किती जड, वीज होती की नुसता दांडा, आणि नानांचा चेहरा असा उजळला होता की तसा मी तो कधी पाहिला नव्हता. त्यांनी एका मागाची खोड सांगितली, एका जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, नक्कल केली, गिरणीत नुसत्या ओठांनी एकमेकांना कसे विनोद सांगायचे ते करून दाखवलं. साडू गदगदा हसत होते. त्यांच्या हातात काहीच नव्हतं, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा. इतकी वर्षं मी नानांच्या समोर बसलो, त्यांना जपलं, दुखावेल असा शब्द काढला नाही. त्यामुळे नानांची सगळी उमर ज्या जागेत गेली त्या जागेबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. ते त्यांनी त्या दुपारी साडूंना दिलं, मी समोर असताना. चहा कोणी घेतला नाही. बायको माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, 'बघा ना, नाना कसे बोलताहेत.' 'बघतोय,' मी म्हणालो. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले असतील, पण माझ्यात आणखी काय काय मिसळलेलं होतं ते मला निवडता आलं नाही.

नाना त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. होते तोवर शेवटपर्यंत बोरिवलीच्या आपल्या खोल्यांत राहिले. एका रविवारी मी जायचो, पुढच्या रविवारी साडू, आणि आमच्या गजाली वेगळ्या असायच्या.

आता नाना गेल्यावर माझं घाटकोपरला जाणं वाढलं आहे. ताईने कारण विचारलं तर मी सांगतो, असाच आलो. साडू मला नानांच्या मागाची गोष्ट सांगतात. त्यांना गोष्ट सांगता येत नाही. मध्येच आकृती काढतात, जॉबरचं नाव विसरतात, जिथे नाना थांबून हसवायचे तिथे हे पुढे निघून जातात. मी ऐकून घेतो. मग ते मला गावच्या खाडीची गोष्ट विचारतात आणि मी त्यांना सांगतो, नाना सांगायचे तशी, त्यांच्या आवाजात. साडू मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. माझ्या वाट्याला आलेले नाना जास्त आहेत असं मला अजूनही वाटतं. तेवढ्यात ते एखादी नवीनच आठवण काढतात, मी कधी न ऐकलेली, आणि मी म्हणतो, 'पुन्हा सांगा बघू, नीट.'